कळशांची वही

अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली.
शाळा बंद झाली तेव्हा उरलेला हजेरीपट,
मुलांच्या नावांच्या जागी आता वाफ्यांचे आकडे
आणि मागच्या कोऱ्या पानांवर नियम.

पहिले तीन सरळ होते.
कवाड लावून घेणे, गुरं आत येतात.
विहिरीवर पाय न धुणे.
दुसऱ्याच्या वाफ्यातली मिरची विचारल्याशिवाय न तोडणे;
"एकच तोडली" हे विचारणं नव्हे.

चौथा खाडीने शिकवला.
शिमगा सरला की भरतीबरोबर विहिरीला खार चढतो.
त्या वर्षी लाल माठ कडेकडेने करपला
आणि आम्ही बियाण्यावरून
इनास लोबोशी उगाच भांडलो.
आता शाळेच्या फळ्यावर ओहोटीची वेळ असते.
पाणी सुकतीला काढायचं, वाफ्याला चार कळशा,
कळशीमागे एक खडा बिस्किटाच्या डब्यात.
पाचवी कुणालाच नाही, सरपंचाच्या सासूलाही.

पाचव्यावर दोन बैठका गेल्या:
बांगड्याची मुंडकी खत म्हणून पुरावीत की नाही.
चिपकर गुरुजी नाकाला उपरणं लावून म्हणाले, सोमवारी तरी नको.
मेहरून मुकादम म्हणाली, "माडाक सोमवार कळता काय, गुरुजी?"
शेवटी ठरलं, हातभर खोल, वर राख,
मांजराने उकरलं तर ज्याची मुंडकी त्याने निस्तरावं.

सहावा माझा हट्ट.
तीन आठवडे जो येणार नाही
त्याचा वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला.
लिहिताना पेन कुठे अडलं नाही, हे मला आठवतं.

माघात शेवंती तांडेल यायची थांबली.
वाफा नऊ, वाली आणि नवलकोल.
मुलाने तिला ओरोसला नेलं, तिथून बांबोळीला,
एवढंच कळलं.
मी वहीत शून्य लिहिलं,
पुढच्या रकान्यात आणखी एक.

तिसऱ्या आठवड्यात हिशेब लागेना.
तेरा वाफे, बावन्न खडे हवेत,
डब्यात निघाले सदुसष्ट.
दुसऱ्या दिवशी सत्तर.
पाणी चोरत होतं कुणीतरी
आणि खडा मात्र इमानाने टाकत होतं.

बैठकीला सगळे मातीकडे बघत बसले.
वाफा नऊमध्ये पाय घोट्यापर्यंत रुतत होता,
नवलकोलाचे गड्डे उकलले होते,
वाली पिवळी.
इनास पहाटे तीन कळशा घालून जायचा.
गुरुजी देवपूजेच्या आधी, हळूच.
मेहरून म्हणाली,
"माका वाटला, कोणीच घालूक नाय."
यादीतली पहिली, पेडणेकरांची सून,
जिला तो वाफा मिळायचा होता,
कवाडाबाहेर उभी होती,
तिच्या साडीच्या काठाला चिखल.

त्यातले दोन खडे माझे होते.
ते मी बैठकीत सांगितलं नाही,
इथे सांगते.

सहावा खोडू या, असं कुणी म्हणालं.
गुरुजी म्हणाले, खोडलेला नियम पुन्हा वाचता येत नाही,
राहू दे तसाच, खाली लिहा.
खाली लिहिलं:
गैरहजर माणसाच्या वाफ्याला
एकानेच पाणी घालावं,
कोण ते आधी बोलावं,
आणि माणूस कुठे आहे
याची चौकशी शून्य लिहिणाऱ्याने करावी.

चैत्रात शेवंती आली, मुलाच्या खांद्याला धरून.
उकललेला गड्डा हातात फिरवून बघितला.
"इतक्या पाणी कोणी ओतल्यानी गो?"
चांगलीच रागावली. रागावणं बरोबर होतं.
पेडणेकरांच्या सुनेने सगळं उपटून
अर्धा वाफा परत भुसभुशीत केला.
उरलेला अर्धा तिचा, हे दोघींनीच ठरवलं,
वहीला न विचारता.

मी नवा नियम वाचून दाखवला.
शेवंतीने सावकाश सही केली
आणि शाई वाळायच्या आत
ओहोटी कधी ते विचारलं.